कुडमुरुट्टीच्या पुलावर दिलेला शब्द

तंजावर,
शनिवार, सकाळ

चि. गिरीश भावजी यांस वसुमती वहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्राच्या माथ्यावर श्री घातलेला नाही, तो विसरलेला नाही; तुमचे दादा जाऊन वर्ष पुरं व्हायला अजून महिना आहे. तुमची तब्येत बरी असेल. संगीताची पाठ आता कशी आहे? तिला सांगा, जमिनीवर बसून भाजी चिरू नये. मुलांना आशीर्वाद. माझं बरं चाललं आहे. झोप लागते, जेवण जातं, आणि ते जातं की नाही हे पाहायला शेजारच्या वरलक्ष्मी मामी रोज दोन्ही वेळा येतात. (त्या पाहायला येतात आणि जेवायलाही बसतात, त्यामुळे स्वयंपाक मात्र करावाच लागतो. त्यांचा हेतू तोच असावा.) लेक नित्या बंगळूरहून रोज फोन करते, जेवलीस का विचारते, मी हो म्हणते आणि दोघी फोन ठेवतो.

फोनवर मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. परवा तुम्ही दोन गोष्टी बोललात. एक, वर्षश्राद्धाला रजा मिळणार नाही, तेव्हा हनुमंतराव काकांनीच उरकून घ्यावं. दुसरी, गाडी विकून टाकावी. दोन्हींना मी "बरं" म्हटलं. नंतर वाटलं की हे बरोबर झालं नाही, म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर आधी देते, कारण ते सोपं आहे. गाडी आत्ता विकता येणार नाही. तिच्यात तुमचे दादा अडकले आहेत असं आपल्या सगळ्या नातेवाइकांचं मत आहे.

हे असं कसं झालं ते मुळापासून सांगते. तुम्ही शेवटचं सगळं केलंत आणि दर महिन्याच्या श्राद्धाचा अधिकार म्हणून काकांच्या हाती दर्भ देऊन पुण्याला गेलात. तेव्हापासून दर महिन्याला त्या तिथीला आम्ही तिरुवैयारला कावेरीच्या घाटावर जातो. तुमचे दादा गेल्यावर गाडी चालवणारं घरात कुणी नाही, म्हणून मणी येतो. मणी ॲक्टिंग ड्रायव्हर आहे. (रोजावर बोलावलेल्या ड्रायव्हरला आपल्याकडे असं म्हणतात, पुण्यात तुम्ही हे विसरला असाल.) माणूस साठीचा, सभ्य, आणि गाडीला कधीच काही झालेलं नसतं अशी त्याची श्रद्धा. पहिल्याच दिवशी त्यानं फक्त एक तक्रार केली. क्लचच्या डावीकडे, पायाखाली, एक लाकडी ठोकळा स्क्रूनं बसवलेला आहे. "अम्मा, हे काय? इथं देव ठेवायचा होता का?" मी म्हटलं, असू दे. काकांनी वाकून पाहिलं आणि तो दोष निवारणाचा असणार असं ठरवलं. कशाच्या दोषाचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मलाही तो ठोकळा कशाचा ते माहीत नव्हतं. मी कायम मागच्या सीटवर बसणारी.

इथली जमीन तुम्हाला आठवत असेल. शाळेत भूगोल शिकवताना मी मुलींना सांगत असे की आपला प्रदेश इतका सपाट आहे की पाण्याला कुठं जायचं तेही कालव्यानं दाखवावं लागतं. इथून पापनाशमपर्यंत माणूस सायकलवर एकदाही न उतरता जातो. अशा ठिकाणी गाडीचा क्लच झिजला तर वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. चढ म्हणजे फक्त नदीचे पूल. आणि तिरुवैयारच्या रस्त्यावर ते पाच आहेत: वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. म्हणजे क्लच झिजला आहे का हे बघायला कुणी मुद्दाम रस्ता बांधायचा ठरवला असता तर तो असाच बांधला असता.

पहिल्या महिन्यांत वेण्णारूच्या पुलावर एवढंच व्हायचं की इंजिनाचा आवाज चढायचा आणि गाडी चढायची नाही. म्हणजे चढायची, पण आवाजाच्या मानानं फार कमी. एखादा माणूस मोठ्यानं भांडतो आहे आणि जागचा हलत नाही, तसं. शेजारून मोपेडवर केळीचे घड घेऊन जाणारी माणसं आमच्याकडे वळून बघत पुढं जायची. मणी म्हणाला, इंजिन फार तयारीचं आहे अम्मा, ऐका कसं गातंय. काका म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ. मामी म्हणाल्या, दृष्ट. पुढच्या महिन्यात मामींनी चाकाखाली लिंबं ठेवली, ती चिरडली गेली, आणि गाडी पुन्हा तशीच चढली. मग मणीनं सीट मागं सरकवली. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावर कुठं गाडी पकड घेते, तोवर गुडघा स्टिअरिंगला लागतो, असं त्याचं म्हणणं. शिवाय पेडल दाबायलाही जड. मला आठवलं, शेवटच्या वर्षी तुमचे दादा डावा गुडघा दुखतो म्हणून किती तेलं चोळत होते. डॉक्टरांनी पट्टा दिला, मामींच्या ओळखीच्या वैद्यानं लेप दिला, मी रोज रात्री मीठ गरम करून शेकत असे. गुडघ्याचे एवढे उपचार झाले आणि क्लचकडे कुणी पाहिलं नाही.

नंतर वास आला. जळका, थोडा आंबट, नव्या कापडाला इस्त्री लागून राहावी तसा. मागच्या सीटवर श्राद्धाची भांडी, तीळ, केळीची पानं आणि काका. मामींना वाटलं काकांचं धोतर कशाला तरी लागलं. काकांना वाटलं मामींचा डबा. दोघं पुढच्या पुलापर्यंत एकमेकांकडे न बघता बसले.

काकांबद्दल एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं समजेल. दुःखाच्या घरातून निघताना "येतो" म्हणायचं नाही, मुकाट्यानं उठून जायचं, ही रीत आपल्याकडे तेराव्यापर्यंत पाळतात. काका ती वर्षभर पाळतात. बोलता बोलता उठतात आणि जातात. वाक्यसुद्धा पुरं करत नाहीत. एकदा "क्लच, बॅटरी आणि पितर या तिन्हींचं असं असतं की" एवढं म्हणून ते गेले. पुढचं मला अजून कळलेलं नाही. घाटावरूनही ते असेच जातात, आणि आम्ही गाडीत त्यांची वाट पाहतो, आणि ते बसनं घरी पोचून जेवलेले असतात. मी थकते हो भावजी. माणूस गेलं की घरात एवढी माणसं येतात, आणि ती कधी गेली हेही कळत नाही.

तर कुडमुरुट्टी. तीन महिन्यांपूर्वी त्या पुलाच्या चढावर गाडी थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, मणीचा पाय ॲक्सिलरेटरवर, आवाज असा की खालच्या पात्रातले बगळे उडाले, आणि गाडी जागच्या जागी. वास इतका की मामींनी नाकाला पदर लावला. मणीनं गाडी बंद करून मागच्या चाकाला दगड लावला. आम्ही उतरलो. घाटावर श्राद्ध सांगणारे गुरुराज वाध्यार थांबलेले, त्यांचे फोनवर फोन. (पिंडाला वेळ असते हे खरं, पण त्यांना दुपारी पापनाशमला दुसरं काम होतं हेही खरं.)

मग काका पुलाच्या कठड्याशी उभे राहिले, गाडीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "वसुमती, हे कावळ्यासारखं आहे."

आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की जे होतं ते तुम्ही पाहिलं आहे. एकेक जण पुढं होतो, हात जोडतो आणि गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करण्याचा शब्द देतो. ते सगळं गाडीसमोर सुरू झालं. काका बॉनेटला हात लावून तुमच्या दादांना म्हणाले, नटराजा, तुझ्या गाडीची मी जपणूक करीन. मणीनं चावी फिरवली. आवाज झाला, गाडी हलली नाही. मामी पुढं झाल्या. "अण्णा, तुमची शिडी माझ्याकडे आहे, उद्या परत करते." (शिडी चार वर्षं शोधत होतो.) गाडी हलली नाही. मणीनंही हात जोडले आणि आपण कधीतरी गाडीत विडी ओढली होती, पुन्हा ओढणार नाही, असं सांगितलं. त्याचाही उपयोग झाला नाही. गावच्या बसमधली माणसं खिडक्यांतून बघत होती. एका म्हातारीनं तिथूनच नमस्कार केला. या सगळ्यात वेळ चालला होता, आणि बॉनेटखालचं जे तापलं होतं ते नदीच्या वाऱ्यानं निवत होतं. शेवटी काकांचं सगळं देऊन झालं, तेव्हा ते म्हणाले, "बरं, वर्षश्राद्धाला गिरीशला आणतो. तो स्वतः करील. मग तर झालं?"

मणीनं चावी फिरवली. गाडी सरळ पूल चढून गेली.

सगळे रडले. मीही डोळ्यांना पदर लावला.

आता त्या फोनबद्दल. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच पूल, पुन्हा गाडी थांबली. या वेळी काकांनी दुसरं काही देऊन बघितलंच नाही, उतरल्या उतरल्या म्हणाले, गिरीशला आणतो म्हणून सांगितलं ना रे. गाडी हलेना. (निवायला वेळच मिळाला नव्हता.) तेव्हा काकांनी निष्कर्ष काढला की तुमचं मन मागंपुढं होत असणार आणि दादांना ते कळलं. म्हणून त्यांनी पुलावरून तुम्हाला फोन लावला. "होय म्हण, नुसतं होय म्हण" असं कुणीतरी ओरडलं आणि मागं बसचे हॉर्न वाजत होते, तो फोन तोच. तुम्ही कचेरीत मीटिंगमध्ये होता, फोन लागायलाच फार वेळ गेला होता, आणि तुम्ही दबक्या आवाजात "होय" म्हणालात. गाडी निघाली. आपण काय कबूल केलं हे तुम्हाला कळलं नसणार. इथं मात्र ते करंदैपासून मानंबूचावडीपर्यंत सगळ्या आपल्या घरांत माहीत झालं आहे. गिरीशनं दादाला शब्द दिला, आणि दादानं तो घेतला. परवा तुम्ही रजा नाही म्हणालात ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मला हे क्लचचं आहे हे पहिल्या वासापासून कळलं होतं. तुमच्यामुळेच कळलं. ज्या पोंगलला तुमचं दोघांचं भांडण झालं, त्या पोंगलला ओरत्तनाडूला जाताना मी मागं बसले होते. तुम्ही म्हणालात, "दादा, क्लचवरचा पाय काढ. तो काय पाय ठेवायचा पाट आहे?" ते म्हणाले, "गाडी माझी, पाय माझा." "आणि क्लच?" "तोही माझा." मग तुम्ही एकेक खूण सांगितलीत. आवाज चढेल आणि वेग चढणार नाही. पेडल वरवर पकडायला लागेल, जड होईल. जळका वास येईल. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं नाही तर समज, संपला. आत्ता उतरून बघू, असंही म्हणालात. ते म्हणाले, "एवढं कळतं तर बसनं जा." आणि तुम्ही वाटेतल्या छत्रापाशी, त्या धर्मशाळेपाशी, खरंच उतरलात आणि बसनं परत गेलात. त्यानंतर तुम्ही दोघं बोलला नाहीत; तुम्ही आलात ते थेट अग्नी द्यायला.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. त्या दिवशी आमचं ओरत्तनाडूला जाणं झालंच नाही. तुम्ही बसमध्ये चढलात आणि यांनी गाडी वळवली. त्या बसच्या मागं मागं तंजावरपर्यंत आले. बस प्रत्येक गावाला थांबली. हे प्रत्येक गावाला मागं थांबले, निम्मा क्लच दाबून, पुढं कोण उतरतं ते बघत. मी म्हटलं, गाडी पुढं घालून बसवून घ्या त्यांना. म्हणाले, "त्यालाच पाहिजे तर तो वळून बघेल." तुम्ही पुढच्या बाजूला बसला होता. त्या एका दिवसात क्लचचं जे झालं असेल ते आयुष्यभराच्या पाय ठेवण्यानं झालं नसेल.

तिसऱ्या गिअरची परीक्षा मी गेल्या मासिकानंतर अंगणात करून पाहिली. म्हणजे मणीला करायला लावली. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते चालूच राहिलं. मणी फार खूश झाला. "बघा अम्मा, किती मजबूत. बंदच पडत नाही."

तर गाडीचं हे असं आहे. आणि पहिल्या गोष्टीचं उत्तर असं की रजा नसेल तर येऊ नका. क्लचप्लेटला घाबरून कुणी पुण्याहून यावं असं मला वाटत नाही. काकांना मी योग्य वेळी समजावीन. ते ऐकतील किंवा मध्येच उठून जातील. प्रकृतीला जपा. संगीताला आशीर्वाद.

तुमची वहिनी,
वसुमती

ता. क. वर उगीच काळजी वाटेल असं लिहिलं गेलं. क्लच मी गेल्या सोमवारीच बदलून घेतला. काल मणी आणि मी रिकाम्या गाडीनं पाचही पूल जाऊन आलो. कुणी कसलाही शब्द दिला नाही, तरी गाडी कुठं थांबली नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, गिरीशनं होय म्हटलं ना, आता कशाला थांबेल. वरलक्ष्मी मामींनी शिडी आणून दिली आहे. तिच्या दोन पायऱ्या नाहीत.

ता. क. दुसरा. गॅरेजवाल्यानं खालची चटई काढली तेव्हा विचारलं, हा ठोकळा काढून टाकू का. मी आपल्या गल्लीतल्या व्यंकोजी सुताराला बोलावून विचारलं, तुझंच काम ना हे? तो म्हणाला, हो, अय्या (म्हणजे तुमचे दादा) स्वतः आले होते, त्या पोंगलनंतर लगेच. डावा पाय टेकायला जागा हवी म्हणाले, क्लचवर पाय राहतो आणि धाकटा भाऊ ओरडतो. गाडीत बसवून, पाय ठेवायला लावून त्यानं माप घेतलं. लाकडावर त्यांच्या चपलेच्या टाचेचा खळगा पडला आहे, खोल. क्लच तोवर जायचा तो गेला होता, पण पाय त्यांनी काढला होता. तुम्हाला कळवायचं राहून गेलं एवढंच. ठोकळा मी काढू दिलेला नाही. मणीच्या पायाला तो बसत नाही. तुमचं आणि त्यांचं चपलेचं माप एकच होतं असं सासूबाई म्हणत असत.

ता. क. तिसरा. येणार असाल तर मणीला त्या दिवशी नको म्हणून सांगते. आणि तेराव्याला तुम्ही रीतीप्रमाणे न सांगता गेलात. मी स्वयंपाकघरात होते, बाहेर आले तेव्हा दार उघडं होतं. वर्षश्राद्ध झालं की ती रीत काकांसाठीसुद्धा संपते. तेव्हा निघताना दारात थोडं थांबा आणि "येतो" म्हणून जा.